खाजगी वापराची जीप

मी रहिमतपुरात नागरिकशास्त्र शिकवतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढं सांगणं जड जाईल.

त्र्याहत्तर साली मी मिलिटरीच्या लिलावातली एक जीप घेतली. विम्याच्या फॉर्मवर रकाना होता : वाहनाचा वापर खाजगी की भाड्याने? एजंट आप्पासोंनी समजावलं, "सर, अंगणात उभी राहणारी गाडी आणि दिवसभर रस्त्यावर राबणारी गाडी, दोघींचा हप्ता सारखा कसा असेल? टॅक्सी म्हणाल तर हप्ता मोठा. पण मग बसणाऱ्यांचाही विमा त्यात येतो." बसणाऱ्यांबद्दल मला तेव्हा काही वाटलं नाही. मी 'खाजगी' लिहिलं. वर्षाला किती मैल, याच्यापुढं 'सुमारे पाचशे, शाळेपुरते' असं लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे.

बाजाराच्या दिवशी ही खाजगी जीप कोरेगावला चार खेपा करायची. ड्रायव्हर आकाराम फौजेतून पेन्शनीत आलेला, शिस्तीचा माणूस. शाळेला निघताना तो मैल मोजणाऱ्या मीटरची केबल जोडायचा, बाजाराला निघताना काढायचा. बसणाऱ्यांकडूनही त्यानं कवायत करून घेतली होती.

"कुनी इचारलं तर काय सांगायचं?"

"मास्तरांचं पाव्हणं हाय!" अख्खी जीप एका सुरात ओरडायची. एका जीपमध्ये चौदा पाव्हणे.

सगळ्यात मागं, फळीच्या टोकाला, बौद्धवस्तीतली राहीबाई अंड्यांची पाटी मांडीवर घेऊन बसायची. ती ओरडत नसे. "आन मी कोन लागते म्हनू मास्तरांची?" असं तिनं एकदा विचारलं.

"मावशी म्हन की!" आकाराम म्हणाला. जीप खो खो हसली. मीही हसलो असणार.

पुढच्या माघात एका वळणावर जीप उसाच्या बैलगाडीवर आदळून गर्रकन फिरली. बॉनेट चेपलं, रेडिएटर फुटला. बाकीच्यांचं खरचटण्यावर भागलं. राहीबाई फळीवरून रस्त्यावर फेकली गेली. तिचं उजवं मनगट मोडलं. अंड्यांचं सांगायला नकोच.

मी क्लेम केला. दुरुस्ती माझ्या पगारातून होणारी नव्हती, आणि फॉर्मवर खोटं लिहिलं हे बाहेर पडलं असतं तर हेडमास्तरांच्या समोर उभं राहायची सोय उरली नसती. नुकसान तपासायला विमा कंपनीचे सर्व्हेअर म्हणून सांगलीहून मानसिंग नावाचे गृहस्थ आले. त्यांनी जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"मीटर सांगतंय वर्षात चारशे मैल. टायर मात्र पार गुळगुळीत," ते म्हणाले. "शाळा फार लांब आहे वाटतं तुमची?"

मी चहा सांगितला.

बैठकीत बसल्यावर त्यांनी कागद काढला. "सरकारी दवाखान्यात एका बाईची नोंद आहे. ती गाडीत कशी?"

राहीबाईला मी आधीच बोलावून ठेवलं होतं. हात गळ्यात बांधून ती बाहेर, पायरीच्या खाली बसली होती.

"माझ्या मावशी त्या," मी म्हणालो.

मानसिंगांनी दाराबाहेर पाहिलं. "मावशी बाहेर का बसल्यात मग?"

तेवढ्यात माझी बायको बनुबाई चहा घेऊन आली. ताटात दोन कप होते. मी, मानसिंगांनी आणि पायरीखालून राहीबाईनंही ते मोजले.

'या की आत' एवढंच म्हणायचं होतं. अस्पृश्यता बंद करणारं घटनेचं सतरावं कलम मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, खाली दोन रेघा ओढतो. त्या दिवशी तर क्लेमसाठी का होईना, तिला आत बोलवायचं होतं. मी बनुबाईकडं पाहिलं, बनुबाईनं चुलीकडं पाहिलं.

"आवं सायेब," बाहेरून आवाज आला, "भाचा कवाधरनं आत बोलावतोय. मलाच घुसमटतंय. हात ठणकतोय, हितं वाऱ्याला बरं वाटतंय."

"भाडं किती दिलंत, बाई?"

"भाच्याच्या गाडीत मावशी भाडं देती व्हय?"

मानसिंगांनी ते लिहून घेतलं. पेनाला टोपण लावून म्हणाले, "मग गाडीचा क्लेम होईल. पण बाई, नात्यातलं माणूस फुकट बसलं तर त्याच्या हाताचं काही मिळत नाही. टॅक्सीचा विमा असता तर मिळालं असतं." बोलत होते तिच्याशी, बघत होते माझ्याकडं.

"हाताचं काय एवढं," राहीबाई म्हणाली. "जुळंल की."

जुळला, पण वाकडा. जीप मात्र नवं बॉनेट लावून सरळ आली. विम्याचं वर्ष सरलं, नवा फॉर्म आला. 'वापर' या रकान्यापाशी माझं पेन थोडा वेळ थांबलं. त्यातली शाई वाळली असावी असं समजून मी ते झटकलं आणि 'खाजगी' लिहिलं.

त्यानंतरच्या बाजाराला मी पुढं, आकारामशेजारी बसलो होतो. राहीबाई पाटी डाव्या काखेत घेऊन आली.

"आता म्होरं बसा की मावशी! मास्तरांच्या मांडीला मांडी लावून!" कुणीतरी ओरडलं. जीप पुन्हा हसली.

राहीबाईनं पाटी खाली ठेवून डाव्या हातानं आणि दातानं पदराची गाठ सोडली आणि नाणी आकारामपुढं धरली.

"ऱ्हाऊ दे मावशी," आकाराम म्हणाला. थट्टा करत नव्हता.

"घे रं. मावशी मी कागदावर. हितं पाशिंजर हाय." नाणी त्याच्या हातावर टाकून, पाटी उचलून ती मागं गेली, फळीच्या टोकाला बसली आणि वाकड्या हाताच्या बेचक्यात पाटी धरली.

मी मागं वळून पाहिलं नाही. जीप निघाली. कोरेगाव येईपर्यंत मी मीटरकडं बघत होतो. केबल काढलेली होती. आकडा जागचा हलला नाही.