समुद्र रेकॉर्ड करायचा होता

तुबाची फिल्म टीव्हीवर लागणार होती रविवारी सकाळी अकराला, आणि नेमका त्याच वेळी राजापुरात निजामच्या पुतणीचा निकाह होता.

तुबा ही निजाम आणि मुनिराची एकुलती लेक. समुद्राच्या पोटात उतरून प्रवाळांची पाहणी करणाऱ्या एका पथकात ती नोकरीला होती. गेल्या हिवाळ्यात एका वाहिनीची माणसं आली आणि त्यांनी मालवणच्या समुद्रतळावर फिल्म केली. तिच्यात तुबा पाण्याखाली काम करताना दिसणार होती. ती स्वतः मात्र आता लक्षद्वीपला बोटीवर होती, जिथे फोन लागला तर लागला. जाण्याआधी तिने आईला एवढंच सांगितलं होतं, "अम्मी, परत दाखवतले की नाय ठावक नाय. चुकवू नको."

निकाह चुकवण्याची सोय नव्हती. आणि ऐन निकाहच्या वेळी लग्नघरात टीव्ही लावा म्हणायला तोंड कुणाचं उघडणार?

"पुढे कधीतरी बघूक मिळात," निजाम म्हणाला. आचऱ्याच्या पिरावाडीतून त्याने मिसरूड फुटल्यापासून होडी समुद्रात घातली होती. समुद्रात नवं बघण्यासारखं काही असेल असं त्याला वाटत नव्हतं.

मुनिराचं तसं नव्हतं. ती समुद्रापासून दूर, खारेपाटणची. लग्न होऊन आली तेव्हापासून समुद्र तिच्या दाराशी होता, पण तो तिने पाहिला तो काठावरूनच. आलेली मासळी निवडायची, फाटलेली जाळी सांधायची, आणि होडी दिसेपर्यंत पाण्याकडे बघत राहायचं. होडीत बायका बसत नसत. आता लेक त्याच पाण्याच्या खाली जात होती. "आज उतरतंय" असा तुबाचा निरोप आला, की "वर इलंय" असा दुसरा निरोप येईपर्यंत मुनिराच्या हातातली तसबीची माळ खाली ठेवली जात नसे. आपली पोर जाते तरी कुठे, हे तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

शेजारच्या दुर्गाबाई शाळेत शिकवायच्या. त्यांनीच सांगितलं, "अगो मुनिरा, डिशचो असो डबो येता, तो आपणच रेकॉर्ड करून ठेवता. तुमी निकाहाक जावा नि येवन आरामात बघा."

दुसऱ्या दिवशी मुनिराने निजामला एस.टी.त बसवला आणि मालवणच्या बाजारात यज्ञेशच्या दुकानी नेला.

यज्ञेश बाजारातला जुना टीव्हीवाला. त्याने दुकानात दोन टीव्ही शेजारी शेजारी लावून ठेवले होते. डावीकडच्यावर एक हिरवट पक्षी झाडावर बसलेला होता. उजवीकडच्यावरही पक्षीच होता, पण त्याच्या मानेवरचं एकेक पीस वेगळं दिसत होतं आणि चोचीच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता.

"हे दोन पक्षी येगळे?" मुनिराने विचारलं.

"नाय चाची, पक्षी एकच. डावीकडे तुमच्या घरात आसा तसो साधो बॉक्स. उजवीकडे एचडी."

मुनिरा डावीकडच्या पडद्याजवळ गेली, मग उजवीकडच्या. तुबाने पाठवलेल्या नव्या टीव्हीवर ती वर्षभर जे बघत होती ते सगळं असं धुक्यातून बघत होती, हे तिला आज कळलं. तो थेंब पडला तेव्हा तिचा हात नकळत पुढे झाला.

यज्ञेशने तीन डबे काउंटरवर मांडले. "हो साधो एचडी बॉक्स. हेका मागसून पेन ड्राइव्ह लावलो की रेकॉर्ड होता. पण एचडीचा चित्र जड आसता. ड्राइव्ह बरो नसलो तर मधेच अडाकता. हो दुसरो रेकॉर्डर. हेच्या पोटातच डिस्क आसा. येळ लावून ठेवलास की टीव्ही बंद आसलो तरी आपला काम करता. आणि हो तिसरो मोठो, एका टायमाक तीन-तीन चॅनल धरता."

"तीन कित्याक?" निजाम म्हणाला. "आमची चेडू एकाच चॅनलार येतली."

"लाईट गेली तर?" मुनिराने विचारलं.

"डब्याक लाईट व्हयीच, चाची. गेली की रेकॉर्डिंग थयच तुटला."

"आणि ढग इले तर?"

"मोठो पावस आसलो तर चित्र फुटता. आता दिवाळी झाली, आभाळ मोकळा आसा. पण एक आधीच सांगतंय. हेच्यात रेकॉर्ड केलेला दुसऱ्या डब्यात चालूचा नाय. ह्यो डबो सांभाळूक लागतलो."

खरं सांगतो हा माणूस, असं मुनिराला वाटलं. तिने मधल्या डब्यावर हात ठेवला. "ह्यो कसो करता ता दाखव."

यज्ञेशने टीव्हीवर कुठलीशी फुटबॉलची मॅच लावली. गोलवाला हवेत झेपावला, तोच यज्ञेशने रिमोटचं बटण दाबलं. माणूस हात पसरून तसाच आडवा हवेत राहिला.

"मॅच थांबली?" निजामने विचारलं.

"मॅच चालू आसा चाचा. थय तेंचा खेळणा चालूच आसा. हय तुमच्यासाठी धरून ठेवल्यान."

यज्ञेशने चहा मागवला. चहा आला, पिऊन झाला, मध्ये एक गिऱ्हाईक येऊन वायर घेऊन गेलं. गोलवाला हवेतच होता. मग यज्ञेशने पुन्हा बटण दाबलं आणि तो धप्पकन खाली पडला, चेंडू छातीशी धरून. लोक ओरडले. ते ओरडणं मघाचंच होतं, आणि तरी आत्ता, तिच्यासमोर होत होतं.

मुनिरा पडद्यावरच्या गोलवाल्याकडे बघत राहिली. गेलेली वेळ गेली, हे तिला आजवर कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि इथे एका काळ्या डब्याने वेळेला दारात बसवून ठेवलं होतं, घरचं माणूस येईपर्यंत.

"ह्योच," ती म्हणाली. निजामने मान हलवली. तोही त्या गोलवाल्याकडेच बघत राहिला होता.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर यज्ञेश स्वतः डबा लावायला आला. खाऱ्या वाऱ्याने डिशच्या तोंडाला गंज धरला होता, ते त्याने बदललं आणि डिश किंचित हलवून पुन्हा आवळली. मुनिरा खाली उभी राहून बघत होती. पिरावाडीतल्या घरांची तोंडं समुद्राकडे, पण प्रत्येक छपरावरची डिश मात्र समुद्राला पाठ करून घाटाच्या बाजूला, आग्नेयेकडे वर बघत होती. इतकी वर्षं हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"थय काय आसा रे?" तिने विचारलं.

"सॅटेलाईट. खूप वर. आपल्याक दिसाचो नाय, पण एका जाग्यार आसल्यासारखो ऱ्हवता. दिवसरात थयच."

म्हणजे पुढच्या दारच्या पाण्यातलं चित्र आधी आभाळात जाणार आणि मग मागच्या परसातून घरात उतरणार. मुनिराने पदर सावरला आणि त्या रिकाम्या निळ्या जागेकडे पाहिलं. "सुभानल्ला," ती हळूच म्हणाली.

लाईटचं मात्र ती विसरली नव्हती. घरातला इन्व्हर्टर पंखे-दिवे सांभाळायचा, टीव्हीचं बटण त्यावर नव्हतं. वायरमनला बोलावून तिने ते त्यावर घेऊन घेतलं. निजाम म्हणाला, "लाईट त्याच येळाक कित्याक जायत?" ती म्हणाली, "जायत म्हणान नाय. गेली तर म्हणान."

रविवारी राजापुरात नवरीच्या शेजारी बसून तिने "कबूल" ऐकलं, डोळे पुसले, दुआला हात उचलले. पण मन आचऱ्यात होतं. बंद घरात, कुणी बघायला नसताना, तिची लेक पाण्यात उतरत असेल आणि तो डबा एकटाच ते बघत असेल, याचं तिला राहून राहून नवल वाटत होतं. जेवणं झाल्यावर दुर्गाबाईंचा फोन आला. किल्ली त्यांच्याकडे होती.

"मुनिरा, साडेअकराक वाडीतली लाईट गेलली."

"आणि डबो?" मुनिराने विचारलं.

"मी धावत गेलंय बघूक. डब्याचो रेकॉर्डिंगचो लाल दिवो पेटताच होतो. काळजी करू नको."

सोमवारी निजामने होडी काढली नाही. सकाळी चहा घेऊन दोघं टीव्हीसमोर बसली, दुर्गाबाई शाळेत जाता जाता दारात टेकल्या. मुनिराने रिमोट हातात घेतला आणि यज्ञेशने दाखवलं होतं तसं बटण दाबलं.

आधी होडी दिसली, आणि होडीतून दिसणारा किनारा. निजाम पुढे सरकला. "थांबव," तो म्हणाला. चित्र थांबलं. डोंगराचं टोक आणि सुरूंची रांग एका ओळीत आली होती; समुद्रातली जागा तो अशाच खुणांनी ओळखायचा. "हो म्हातारीचो खडप. हेच्यार होडी उभी केली हा." पाण्याखालच्या त्या खडकाला म्हातारी हे नाव कोळ्यांनीच दिलेलं. तिथे जाळं टाकलं की फाटायचंच.

मग काळा पोशाख घातलेली तुबा पाठीवर पडली आणि पाण्यात गेली. मुनिराचा हात तसबीवर गेला. पाणी आधी हिरवं, मग गढूळ, मग हळूहळू स्वच्छ झालं, आणि खालून म्हातारी वर आली.

ती खडपासारखी नव्हतीच. तिच्या अंगावर पिवळी, जांभळी झाडं उगवली होती, ती झाडं नसून जिवंत जनावरं आहेत असं सांगणारा बोलत होता. पंख्यासारखी जाळी पाण्याबरोबर डोलत होती. लहान लहान मासे थव्याने वळत, आणि वळताना सगळे एकदम चमकत. मुनिराने आयुष्यभर पाटीत मेलेले मासे पाहिले होते. तोच मासा इथे निळ्या किनारीचा होता आणि मरताना ती किनार जाते, हे तिला ठाऊक नव्हतं. मधे तुबा तरंगत होती, घाई नाही, भीती नाही, जणू आपल्याच खोलीत चालली आहे.

निजामने चहाचा कप खाली ठेवला होता. "ह्याच खडपान माजी जाळी फाडली," तो म्हणाला. "मी हेका शिव्या घालत इलंय."

एका कपारीत जुन्या जाळ्याचा तुकडा अडकला होता. तुबा सुरीने तो जपून कापत होती. मुनिराने चित्र थांबवलं आणि उठून पडद्याशी गेली. इतकं स्वच्छ, की सांधलेल्या जागेची गाठन् गाठ दिसत होती. ती गाठ आपली आहे का, हे तिने नीट पाहिलं. ओळखता येईना. कुणातरी बाईने ओसरीवर बसून ती मारली होती एवढं खरं, आणि तिचा हात असा इथपर्यंत पोचला होता. मुनिरा तशीच उभी राहिली. दुर्गाबाईंची शाळेची वेळ टळून गेली तरी त्या उठल्या नाहीत.

त्या आठवड्यात अख्खी वाडी येऊन ती फिल्म बघून गेली. बायका पडद्याजवळ बसत, आणि पुरुष मागे उभे राहून कुठला खडप कुठे यावर हळू आवाजात बोलत.

तुबा सुट्टीवर आली तेव्हा तिनेही ती पहिल्यांदा घरातच पाहिली. संपल्यावर ती हसली. "ह्या म्युझिक तेंनी वरसून घातला हा. खाली म्युझिक नाय."

"मगे काय? सगळा गप?" मुनिराने विचारलं.

"गप नाय, अम्मी. तडतडता. फोडणीत मोहरी घातल्यासारखा. बारकी कोळबी आसतत, ती नांगी वाजवतत. सगळ्या खडपभर."

मुनिराला ते खरं वाटेना. दोन दिवसांनी सकाळी समुद्र निवांत होता. तुबाने हात धरून आईला होडीत घेतलं. किनाऱ्यावरचे दोघे-तिघे बघत राहिले, पण निजाम मशीन सुरू करून सुकाणूवर बसला. म्हातारीवर आल्यावर त्याने मशीन बंद केलं आणि नांगर टाकला.

"हय कान लाव," तुबा म्हणाली.

मुनिरा होडीच्या तळाशी वाकली आणि फायबरला कान टेकला. आधी फक्त पाण्याचं चुबकणं. मग त्याच्या खालून, दूरवरून, बारीक तडतड. ती थांबत नव्हती. इकडून तिकडून, सगळीकडून येत होती.

निजामनेही वाकून कान लावला. "ह्या तर मी रोज आयकतंय," तो म्हणाला. "माका वाटा, उनान होडी तडकता."

मुनिराने डोळे मिटले होते. तिने हाताने खूण करून त्याला गप्प केलं आणि ऐकत राहिली.