पासवर्ड बदलला त्या दिवशी

सासरे चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत आले होते. बारीक भोक दिसलं की त्यात काहीतरी घालून बघायची त्यांना सवयच. सकाळी नेट रखडलं तेव्हा त्यांनी राउटर उलटा केला, मागचं भोक पाहिलं आणि त्यात सुई खुपसून दहा सेकंद धरली. दिवे विझले, मग एकेक करून लागले. घरातला एकही फोन मात्र जोडला जाईना.

"मी काही केलं नाही," ते सुनेला म्हणाले. सुई हातातच होती.

सून घरूनच भाषांतराचं काम करायची. दुपारी तिला मजकूर पाठवायचा होता. तरी ती चिडली नाही. "रीसेट झालाय, बाबा. आपण घातलेलं नाव, पासवर्ड, सगळं पुसलं गेलं. आता कुणीही यावं नि वापरावं."

तिने कंपनीला फोन करून कनेक्शनची माहिती घेतली, लॅपटॉप वायरीने राउटरला जोडला आणि सेटिंग्जचं पान उघडलं. आधी राउटरचा स्वतःचा पासवर्ड बदलला. कारखान्यातून येतो तो कुणालाही ठाऊक असतो. मग सुरक्षेच्या यादीतला सगळ्यात नवा प्रकार निवडला.

"वायफायला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड देऊ? सगळे फोन आपोआप जोडले जातील."

"नको. जुना गावभर झालाय. नवा टाक, लांबलचक."

सोळा अक्षरांचा पासवर्ड त्यांनीच ठरवला आणि वहीत लिहून ठेवला. तासाभरात सगळं मार्गी लागलं.

पाचच्या सुमाराला बेल वाजली. दारात समोरच्या घरातले काका, सासऱ्यांचे सख्खे धाकटे भाऊ. घड्याळांचं दुकान विकायचं की ठेवायचं यावरून दोघांचं बिनसलं त्याला दीड वर्ष झालं होतं. जिन्यात भेटले तरी एक भिंतीकडे बघायचा, दुसरा चपलांकडे.

"तुमचं नेट बंद आहे का गं?" काकांनी सुनेला विचारलं.

"नाही काका, चालू आहे."

"मग माझं का बंद पडलं?"

तिला उमगायला क्षणभर वेळ लागला. काकांनी अबोला धरला होता, पण नेट सोडलं नव्हतं.

"मुलगी पाचला व्हिडिओ कॉलवर नातू दाखवते," ते खालच्या आवाजात म्हणाले.

सुनेने पेपर वाचणाऱ्या सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबा, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं. ते देऊ काकांना?"

पेपर खाली आला. "तो पाहुणा आहे का?"

सासरे उठले, वही घेतली आणि भावाला म्हणाले, "फोन काढ. चष्मा लाव. सांगतो तसं टाक."

दोनदा चुकलं.

"एवढा लांब कशाला ठेवलास, दादा?"

"परक्यांसाठी."

तिसऱ्यांदा जोडलं गेलं आणि लगेच मुलीचा फोन आला. काका आत येऊन सोफ्यावर टेकले. दोघांचे चेहरे मावेनात, म्हणून सासऱ्यांनी फोन हातात घेऊन जरा लांब धरला.

दुकानाचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढच्या आठवड्यात निघाला, आवाजही चढले. अबोला मात्र पुन्हा कुणी धरला नाही.