खुर्चीखालची तार

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली सून लग्नानंतर वर्षभरातच परदेशी गेली, तेव्हा थोरली काय नि धाकटी काय, हीच. पण पडलेलं नाव काही सुटलं नाही. सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, झटका येऊन उजवं अंग लुळं पडलं. आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामाला दवाखान्यात न्यायचं काम तिच्या गळ्यात पडलं. खरं तर तिनेच ते गळ्यात घेतलं. नवऱ्याची नोकरी पाळ्यांची, आणि अप्पांची भाषा तिच्याइतकी घरात कोणालाच कळत नव्हती.

ही भाषा उलटी होती. झटक्यानंतर अप्पांच्या तोंडून बरेचदा नेमका विरुद्ध शब्द निघायचा. चहा गरम हवा असला की "गार, गार" म्हणायचे. दार लावून घ्यायचं तर "उघड". "आमच्याकडे 'पुरे' म्हणाले की आणखी वाढायचं," असं धाकटी पाहुण्यांना हसत सांगायची. पण दहातले चार शब्द सरळही निघत, आणि तिथेच घोटाळा व्हायचा.

टॅक्सीत त्यांना उचलून बसवताना तिची कंबर धरायला लागली, तेव्हा नवऱ्याने एक जुनी व्हॅन घेतली. आधीचा मालक तीत फ्रीज ठेवून थंड पेयं विकायचा. फ्रीज काढला, मागची जागा मोकळी झाली, आणि लोखंडी कामं करणाऱ्या एका कारागिराने तिथे पत्र्याला रूळ ठोकून दिले. मागच्या दारातून पत्र्याची उतरती फळी खाली सोडायची, चाकांची खुर्ची वर ढकलायची आणि चार पट्ट्यांनी रुळांना आवळून टाकायची. अप्पा खुर्चीतून हलायलाच नकोत. धाकटीला हायसं वाटलं.

तिसऱ्या खेपेला तिला वास आला. जळक्या प्लास्टिकचा, घशात रुतणारा. तिने काच खाली केली, तेवढ्यात मागून अप्पा ओरडले, "वर! वर!"

खुर्चीत घसरले असतील म्हणून तिने गाडी कडेला घेतली आणि त्यांना काखेत धरून वर ओढलं. ते मान हलवत राहिले. डाव्या हाताने मांडीवर चापट्या मारत होते. "वर!"

"घेतलं की हो वर, अप्पा. आणखी किती वर घेऊ, टपावर बसवू?"

ते हसले नाहीत. तिच्याकडे असे बघत राहिले, की तिला आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी नवऱ्याने गाडी एकट्याने फिरवून आणली. "कसला वास नि कसलं काय. जुनी गाडी आहे, जरा धूर-बिर येणारच. तुझ्या मनाचे खेळ." दुसऱ्या दिवशी तीही एकटी बाजारात जाऊन आली. खरंच वास नव्हता. मग तिनेही मनाची समजूत घातली.

पुढच्या खेपेला सकाळी अकराच्या सुमारास ती नदीवरच्या पुलावर अडकली. पुढे बस, मागे मालाचा टेम्पो, डावीकडे कठडा. गाड्या इंच इंच सरकत होत्या. अचानक डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले, पंखा मंदावला, आणि तोच वास या वेळी भपकन आला. तिने आरशात पाहिलं. अप्पांच्या पायांशी, चटईच्या कडेतून, करड्या धुराची बारीक रेघ वर येत होती.

तिने झटकन किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. आता थांबेल, असं तिला वाटलं. थांबलं नाही. धूर जाड होत गेला.

"वर! वर!" अप्पांचा आवाज चिरका झाला होता, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर नव्हे, खाली! खाली काहीतरी जळतंय, हे ते मागच्या खेपेलाही सांगत होते. तीस वर्षं जळालेल्या विजेच्या मोटारींना नव्या तारा गुंडाळून दिलेला माणूस. जळक्या तारेचा वास त्यांना नाही कळणार तर कोणाला? आणि आपण त्यांना काखेत धरून वर ओढत बसलो.

ती उतरून मागे धावली. मागचं दार उघडलं, पण फळी सोडायला जागाच नव्हती. टेम्पोचं नाक हातभर अंतरावर होतं. तिने त्याच्या काचेवर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

"दादा, मागे घ्या! मागे घ्या हो! माणूस बांधलाय आत!"

टेम्पोवाला आधी वैतागला, मग त्याने धूर पाहिला. मान बाहेर काढून मागच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्याने टेम्पो कसाबसा चार फूट मागे नेला आणि उडी मारून आला. "सिलिंडर आहे का आत?"

"नाही, सासरे आहेत."

धाकटी आत चढली. मागचे दोन पट्टे सुटले. पुढचा डावा सुटला. उजव्याला हात लावला आणि तिने किंचाळून हात मागे घेतला. खटका तव्यासारखा तापला होता, पट्टा वितळून त्याला चिकटला होता. धुराने डोळे झोंबत होते. अप्पा खोकत होते आणि डाव्या हाताने तिला बाहेर ढकलत म्हणत होते, "थांब, थांब."

हा शब्द तिला बरोबर कळला. ते तिला जा म्हणत होते.

"मी कुठे जात नाही," ती रडत ओरडली. "गप्प बसा तुम्ही!" सासऱ्यांशी ती जन्मात असं बोलली नव्हती.

टेम्पोवाला दोर कापायचा चाकू घेऊन वाकला आणि दोन झटक्यांत त्याने पट्टा तोडला. फळी आपटली, खुर्ची गडगडत खाली आली, आणि धाकटीने ती ढकलत वीस पावलं लांब कठड्याशी नेली. पुढच्या बसमधली माणसं पटापट उतरून पळत होती.

टेम्पोवाल्याने तोवर बॉनेट उघडलं होतं. "बॅटरी काढतो, लाल तार आधी! नाहीतर पेटणार ही!" हातात पाना घेऊन तो लाल तारेकडे वळला.

"पांढरी!" अप्पा खुर्चीत अर्धे उठले. "पांढरी! पांढरी!"

"थांबा!" धाकटी तिथूनच किंचाळली. "काळी आधी! ते काळी म्हणताहेत! लाल सोडताना पाना पत्र्याला लागला तर ठिणगी उडेल!" शेवटचं वाक्य अप्पांचंच होतं. घरचा इन्व्हर्टर बसवताना त्यांनी तिला दहादा ऐकवलेलं.

टेम्पोवाल्याचा हात हवेतच थांबला. त्याने काळी तार सैल केली, हिसकून बाजूला केली. धूर पातळ झाला, अजून पातळ झाला, आणि मग नुसता वास उरला. धाकटी रस्त्यातच फतकल मारून बसली. तिच्या तळहातावर फोड उठला होता, तो तिला तेव्हा दिसला.

गाडी ओढून वायरिंगवाल्याकडे नेली. त्याने चटई उचलली आणि आत बोट दाखवलं. फ्रीजसाठी बॅटरीपासून थेट मागे आणलेली जाड लाल तार तशीच सोडलेली होती. मध्ये फ्यूज नाही, टोकाला नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली. रूळ ठोकणाऱ्याने तिच्यावरच रूळ बसवले होते.

"किल्ली बंद करून हिला काय फरक पडणार? ही थेट बॅटरीची," तो म्हणाला. "खुर्ची चढली की रूळ दाबायचा, तार पत्र्याला टेकायची. रिकामी गाडी फिरवाल तर काही कळणार नाही." मग त्याने बोट पुढे सरकवलं. "आणि ही पेट्रोलची नळी."

दोन्हींमध्ये बोटभर अंतर होतं. नवऱ्याने ते पाहिलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

त्या रात्री आणि नंतरच्या कित्येक रात्री धाकटी गॅसची टाकी, इस्त्री, फोनचा चार्जर सगळं पुन्हा पुन्हा बघत हिंडली. गाडी दुरुस्त होऊन आली. ती जुनी तार मुळापासून काढली होती, बाकीच्या तारांना फ्यूज बसवले होते. पण तिचा हात किल्लीला लागेना. अप्पांचंही तेच. खुर्ची फळीजवळ नेली की त्यांचा डावा हात चाक घट्ट धरून ठेवायचा. व्यायाम चुकत राहिला, आखडलेली बोटं आणखी आखडली.

शेवटी एका रविवारी नवऱ्याने मागची चटई काढून फेकूनच दिली. अप्पांना दाराशी बसवलं, धाकटीने विजेरी धरली. अप्पांनी डाव्या हाताचं बोट प्रत्येक तारेवरून टोकापासून टोकापर्यंत फिरवलं. दीड तास. एके ठिकाणी त्यांनी क्लिप बदलायला लावली. मग हात पुसून त्यांनी तो चाकावर न ठेवता स्वतःच मांडीवर ठेवला.

सोमवारी ती निघाली. चारही काचा उघड्या, मागे नागडा पत्रा खडखडतोय. पुलावर चढताना घामाने तिच्या हातातून स्टिअरिंग निसटू लागलं.

"अप्पा, वास येतोय का?"

मागे अप्पांनी नाक वर करून हुंगलं.

"येतो," अप्पा म्हणाले.

तिने आरशात बघितलं. ते शांतपणे मान हलवत होते, नाही, नाही म्हणून. तरीही तिने पूल उतरल्यावर गाडी बाजूला घेतली, मागे जाऊन पत्र्यावर हात ठेवला. तो थंड होता. तिने आणखी एकदा ठेवून पाहिला आणि मगच पुढे निघाली.