मी अडवलेला एकमेव गोल

मी उशी बोलतेय. डोक्याखालची नव्हे, बुडाखालची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. डोक्याखालच्या उशांना मान असतो, धुतलेले अभ्रे असतात, त्यांच्या कानात माणसं गुपितं सांगतात. माझ्या नशिबी खाली सिमेंटची पायरी आणि वर एक शिवणकाम करणारी बाई. पण फुटबॉलमधलं मला जेवढं कळतं, तेवढं त्या मऊ उशांना सात जन्मांत कळायचं नाही.

कुणाकडे शिकलीस, असं विचाराल तर कुणाकडेच नाही. बसल्या बसल्या शिकले. म्हणजे बाई बसली होती आणि मी शिकले. एवढ्या वर्षांत एकही सामना मी धड डोळ्यांनी पाहिलेला नाही, तरी सगळे सामने मला पाठ आहेत. बाई डाव्या अंगावर कलली की चेंडू डाव्या कोपऱ्यात. ती पुढे सरकून माझ्या काठावर आली की आपला हल्ला. धपकन मागे बसली की हल्ला संपला. हे धपकन मी मोजायचं सोडून दिलंय. माझ्यातला कापूस त्यानेच गेला.

कापूस म्हणाले ना, तीही बढाईच. कापूस माझ्यात नव्हताच कधी. माझ्या पोटात आहेत कातरणं. झालं असं की आमच्या संघाने एकदा हिरव्या पट्ट्यांचं कापड स्वस्तात उचललं आणि बाईकडे जर्सी शिवायला टाकलं. पहिल्याच सामन्यात खेळाडूंना घाम आला आणि सगळा रंग अंगावर उतरला. अकराही जण पालेभाजीच्या टोपलीतून काढल्यासारखे दिसत होते. त्या जर्सी परत आल्या, बाईने त्या फाडल्या, एकीच्या पाठीची खोळ केली आणि उरलेल्या चिंध्या भरून मला शिवलं. माझ्या पाठीवर नऊ नंबर आहे. तो घालणाऱ्याने त्या वर्षी दोन गोल केले होते, त्यातला एक आपल्याच जाळीत. असल्या थोर घराण्यातली मी. अजूनही जरा ओल लागली की रंग सोडते. आमच्या पायरीवरून उठलेल्या बाईच्या मागे हिरवा ठसा असतो आणि त्यावरून लोक तिला बाजारातही ओळखतात.

आमचा संघ म्हणजे साबणवाले. साबणाच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला. कारखाना केव्हाच बंद पडला, फेस तेवढा उरलाय. चौथ्या श्रेणीत खेळायचो. चौथ्या श्रेणीच्या खाली पाचवी असते, हे पुष्कळांना ठाऊकही नसतं. आम्हाला होतं, कारण आम्ही दर वर्षी तिच्या उंबऱ्यावर उभे असायचो. आमच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू सुटला की पाहुणे ओरडायचे, साबण लावून आलाय. दर वेळी तोच विनोद, आणि दर वेळी आमचा गोलरक्षक त्यांना तो करायची संधी द्यायचा.

मैदानाच्या एका अंगाला पाच पायऱ्या. सगळ्यात खालच्या पायरीवर, गोलच्या खांबाच्या अगदी जवळ, माझी बाई आणि तिच्या शेजारी तिची नणंद. नणंद रुग्णालयात मेट्रन होती. आता निवृत्त झालीय, पण आवाज नोकरीवरच आहे. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच रविवारी तिने भावजयीला मैदानावर आणलं. पोरगी टिकते का, बघायचं होतं. त्या दिवशी आम्ही सहा गोलांनी हरलो आणि भावजय शेवटपर्यंत बसली. तेव्हा नणंदेने मनातल्या मनात पसंती दिली. घरात या दोघींचं मिठावरून पटत नाही, पडदे कधी धुवायचे यावरून पटत नाही. पटतं ते फक्त इथे, दीड तास. बाईचा नवरा, म्हणजे नणंदेचा भाऊ, रविवारी घरी घोरत पडतो. बायको आणि बहीण एकाच वेळी घराबाहेर आहेत, याहून मोठा विजय त्याला माहीत नाही.

नणंद माझ्यावर कधी बसली नाही. उघड्या सिमेंटवर बसायची, आणि वर म्हणायची, ज्यांना मऊ लागतं त्यांनी घरी बसावं. मी ते ऐकून घ्यायची. तोंड शिवलेलं असलं की माणूस, आपलं, उशी बरीच सहनशील होते.

आमच्या पायऱ्यांवर एक रीत होती. साबणवाल्यांनी गोल केला की हातात असेल ते हवेत भिरकवायचं. टोप्या, मफलर, उशा. मग दहा मिनिटं सगळे एकमेकांच्या पायांत वाकून आपापल्या वस्तू शोधायचे. बाई मला असं काही फेकायची की मी वरच्या पायरीवर जाऊन पडायची आणि हातोहात परत यायची. वर्षातून सात-आठ वेळा हे सुख. तेवढ्यावर मी स्वतःला पक्षी समजायची.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते.

मोसमातला शेवटचा सामना होता. जिंकलो तर चौथ्या श्रेणीत राहणार, नाहीतर पाचवीत घसरणार. एक-एक अशी बरोबरी, दोन मिनिटं उरलेली. बाई माझ्या इतक्या काठावर आली होती की मी जवळजवळ रिकामीच होते. नणंदेने तिचं मनगट धरलेलं. एवढ्यात आमच्या नऊ नंबरने पाहुण्यांच्या गोलरक्षकाला चकवलं आणि चेंडू हळूच मोकळ्या गोलकडे ढकलला. मध्ये कुणी नाही. चिखलातून चेंडू निघाला, आरामात, नातेवाइकांकडे निघाल्यासारखा.

आणि बाईने मला फेकलं.

चेंडू जाळीत गेला नव्हता हो. जायचा होता. पण ज्यांचा संघ वर्षात सात-आठच गोल करतो, त्यांना गोल दिसला की धीर धरवत नाही. बाजारात तुरी तसली गत. बरं, रोज मागे फेकणारी बाई त्या दिवशी पुढे फेकायला गेली. मी कठड्यावरून गेले, खांबाच्या आतून वळले आणि बरोबर गोलरेषेवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी चेंडू समोरून पाहिला. तो आला, माझ्या पोटाला टेकला आणि थांबला.

इतक्या सफाईने आमच्या गोलरक्षकाने वर्षभरात एकही चेंडू अडवला नव्हता.

पंचाने शिट्टी मारली. बाहेरची वस्तू आत आली, चेंडू अडला, गोल नाही. त्याने मला एका कोपऱ्याला धरून, मेलेला उंदीर उचलावा तसं उचललं आणि कठड्याबाहेर ठेवलं. नऊ नंबर माझ्या पाठीवरच्या नऊ नंबरकडे बघत उभा होता. पुढच्या दोन मिनिटांत काही झालं नाही, आणि आम्ही पाचव्या श्रेणीत गेलो.

घरी जाताना नणंद वीस पावलं पुढे चालत होती. बाई मला पोटाशी धरून मागे. बाईच्या शिवणाच्या दुकानाशी आल्यावर नणंद थांबली, पण वळली नाही.

"पुढच्या मोसमापासून मी एकटीच जाईन, वहिनी."

बाईने नुसतं बरं म्हटलं. मला वाटलं होतं ती भांडेल. मिठावरून तासभर भांडणारी बाई.

मग समितीची बैठक झाली. बाईवर बंदी घालायची, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की पुढच्या मोसमाच्या जर्सी हिच्याकडेच शिवायला आहेत. तेव्हा बंदी माझ्यावर आली. फाटकावर पाटी लागली, मैदानात उशा आणण्यास सक्त मनाई आहे. माझ्या एकटीपायी सगळ्या गावाची बुडं गार पडली. खेळाडूंवर बंदी येते, मारामारी करणाऱ्यांवर येते. चिंध्या भरलेल्या उशीवर बंदी आलेली जगात मी एकटीच असेन. खोटं कशाला बोलू, जरा छाती फुगली. एवढा कापूस असता तर.

बाई मात्र खचली. जर्सी शिवून दिल्या, पण मैदानावर गेली नाही. मला कपाटावर, कागदी साच्यांच्या ढिगात टाकलं. रविवारी दुपारी ती दुकानात येऊन बसायची, मशीनमध्ये दोरा न घालताच पाय मारायची. कपडा नाही, दोरा नाही, नुसती खडखड. मैदान दोन गल्ल्या पलीकडे, तिथला आवाज कानांवर येऊ नये म्हणून. पण मध्येच पाय थांबायचा, ती कान द्यायची आणि मग दुप्पट जोराने सुरू व्हायची. त्या घरात आता मिठावरून वाद होत नव्हते. नवऱ्याने एकदा विचारलं म्हणे, जेवण बरं आहे का आज, कुणी काही बोलत का नाही. त्यालाही घोरायला जमेना.

असे चार सामने गेले. पाचव्या रविवारी सामन्याच्या तासभर आधी नणंद दुकानात आली. हातात कोट. म्हणाली, याचं बटण लावून दे. बाईने कोट पाहिला. बटण मजबूत होतं. तिने ते तोडलं आणि परत लावायला घेतलं. दोघींना काहीतरी करायला हवंच होतं.

नणंद बोलू लागली ती भलतंच. तुझ्या जागेवर एक माणूस येऊन बसतो म्हणाली. सभ्य आहे. पण चांगला पास दिला की टाळ्या वाजवतो. कुणाच्याही पासला. परवा पाहुण्यांनी गोल केला तर म्हणतो, सुंदर. आता ही काय बसायची रीत झाली? शिव्या द्यायच्या सोडून माणसं रसग्रहण करायला लागली तर संघ चालायचा कसा?

बाईने दोरा दाताने तोडला. "मग सांगा त्याला, जागा माझी आहे म्हणून."

"मी कशी सांगू? तू येत नाहीस."

"कुठल्या तोंडाने येऊ, वन्सं? संघ माझ्यामुळे खाली गेला."

नणंद कोटाच्या बाहीशी चाळा करू लागली. या मेट्रनने आयुष्यभर लोकांना सुया टोचल्या, डॉक्टरांना झापलं, पण आता ती त्या बाहीकडे बघूनच बोलली.

"त्या दिवशी मीही छत्री फेकली होती," ती म्हणाली. "तुझ्या आधी. ती कठड्याला लागून आतल्या आतच पडली, कुणी पाहिलं नाही. मी गपचूप उचलून मांडीवर घेतली. वहिनी, गुन्हा दोघींचा आहे. तुझा नेम चांगला, एवढंच."

बाईने सुई उचलली. मला वाटलं, आता ही सुई टोचते. पण तिला हसू आलं. हसता हसता तिने मशीनवर डोकं टेकलं, आणि नंतर ते हसू राहिलं नव्हतं. नणंदेने पाठीवर हात ठेवला, रुग्णाला ठेवावा तसा, थोडा जोरातच.

मग नणंदच स्टुलावर चढली आणि कपाटावरून मला खाली ओढलं. माझ्यावरची धूळ झटकली, म्हणजे मला दोन रट्टे घातले. ते मी कमावलेलेच होते. मला पोटावर ठेवून तिने वरून कोट घातला आणि सगळी बटणं लावली.

फाटकावरच्या माणसाने आधी पाटीकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे. "मेट्रनबाई, तब्येत सुधारलेली दिसतेय."

"या वयात सुधारते," नणंद म्हणाली. "तुझं इंजेक्शन राहिलंय का एखादं?"

त्याने फाटक उघडलं.

पायऱ्यांवर बाई आली तेव्हा सगळे वळून बघू लागले. तिने मान खाली घातली नाही. टाळ्या वाजवणारा सभ्य माणूस उठला आणि एक पायरी वर सरकला. त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. वरून कुणीतरी म्हणालं, हात बांधून आणलेत ना त्यांचे? लोक हसले. बाईही हसली. संपलं. इतके महिने जे डोंगराएवढं वाटत होतं, ते तेवढ्यात संपलं.

पेच पुढेच आला. नणंदेने कोटाची बटणं सोडून मला बाहेर काढलं आणि पायरीवर ठेवलं. बाई माझ्यावर बसेना, म्हणाली मला शिक्षा हवी. नणंद बसेना, तिचं सिमेंटशी जुनं इमान. मी दोघींच्या मध्ये पडून राहिले, ओशाळवाणी. शेवटी सामना सुरू झाला, दोघी पाहता पाहता सरकल्या, आणि एक बाई अर्धी माझ्यावर, दुसरी अर्धी माझ्यावर, अशा बसल्या.

तेव्हापासून मी अशीच आहे. एक बाजू शिवणकामाची, एक बाजू रुग्णालयाची. अर्ध्या-अर्ध्या वजनाने माझी मधली शिवण उसवत चाललीय, चिंध्या बाहेर डोकावतात. आम्ही अजून पाचव्या श्रेणीतच आहोत. सहावी नाही म्हणून.

माझं एक मागणं आहे. तुमच्या इथेही असा एखादा संघ असेल, ज्याचं नाव वर्तमानपत्रात बारीक अक्षरांतही येत नाही. त्याच्या पायरीवर जाऊन बसा. सोबत असं माणूस न्या, ज्याच्याशी तुमचं दुसऱ्या कशावरून पटत नाही. उशी नेलीत तर तिला फेकू नका, आणि फेकायचीच झाली तर नेम वाईट ठेवा.

एवढं बोलायला मिळालं ते मध्यंतर आहे म्हणून. दोघी पाय मोकळे करायला उठल्या होत्या. आम्ही तीन गोलांनी मागे आहोत, तरी नणंद म्हणतेय की आता बघच, आणि बाई म्हणतेय, हो हो, आता बघा. आल्या. बसतायत.