स्टेशनचा चढ

"चढावर थांबते का गाडी?" गाडीचा अहवाल लिहायला नागपूरहून आलेल्या साहेबाने कागदावरून मान वर न करताच विचारले.

प्रश्न ड्रायव्हर चंपतला होता. आदिलाबादच्या त्या जिनिंगच्या आवारात बॅटरीवर चालणारी मालवाहू गाडी उभी होती. एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात, दोन महिने चालवून बघायला आलेली. ना धूर, ना आवाज. चालवणाऱ्याने पसंत म्हटले तर शेठ आणखी चार घेणार, आणि कापसाच्या गाठी स्टेशनावर नेणाऱ्या बैलबंड्या बंद होणार. नापसंत म्हटले तर गाडी परत आणि चंपत घरी. ड्रायव्हरीच्या भरवशावर त्याने आपले बैल कधीच विकून टाकले होते.

विकले होते बंडीवाल्या बाबारावाला. पलीकडे लिंबाखाली बाबाराव तेच बैल धरून ऐकत उभा होता.

"सांग ना बे," सुधाकरराव दिवाणजी म्हणाले. "साहेब पुसून राह्यले."

सांगायचे काय? पहिल्याच दिवशी चढ लागला आणि गाडी थांबली, तसा चंपत खाली उतरला होता. बैलांचा भार हलका करायची जन्माची सवय. ब्रेक लावायचा राहूनच गेला. गाडी मागे घरंगळली. बाबारावाने धावत येऊन चाकाखाली धोंडा टाकला. "अबे, इले का खांदे दुखतेत?" म्हणून दिवसभर हसला. तेव्हापासून भरल्या गाडीचा दम चढावर सुटला की तोच बंडी सोडून यायचा आणि मागून रेटायचा. ही मुकी गाडी बाजारात कोणाला ऐकू येईना, तेव्हा बैलांची घुंगरमाळ तिच्या तोंडाला बांधायचे त्यानेच सुचवले. बैल गेले तेव्हा चंपतच्या बायकोने, भागीरथेने, ती माळ दिली नव्हती. पोरीच्या पाळण्याला बांधून ठेवली होती. नवऱ्याने मागितल्यावर मुकाट्याने सोडून दिली.

आज सकाळी पोरीला पाजता पाजता ती एवढेच म्हणाली, "खरं का खोटं, मले नोका सांगू. पन घरी बसू नोका."

"थांबत नाही साहेब," चंपत म्हणाला. "चढते."

"कोणी न ढकलता?"

"हो जी."

कागदावर अंगठा उमटला. लिंबाखाली बाबाराव बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

दुपारी स्टेशनच्या चढावर गाडी थांबली. चंपतने ब्रेक आवळला आणि तसाच बसून राहिला. मागे बंडी येऊन उभी राहिलेली आरशात दिसली. उतरून कोणते तोंड दाखवावे? आणि बसून तरी किती राहावे?

चाकाखाली धोंडा सरकल्याचा आवाज आला. मग बाबाराव खिडकीशी आला. त्याने चंपतकडे पाहिले नाही. गाठींवरचा दोर ओढून बघितला.

"बाबाराव, मी..."

"चढते म्हन्ला ना? मंग दाब."

तो मागे गेला. चंपतने पाय दाबला. गाडी कण्हल्यासारखी हलली, इंचभर, मग हातभर, आणि तोंडाची माळ वाजू लागली.

आरशात बाबारावाचा वाकलेला खांदा दिसत होता. त्याच्या मागे, कोणी हाकत नसलेली बंडी घेऊन बैल आपल्या ओळखीच्या घुंगरांमागे चढ चढून येत होते.