दाजींचा तिसरा पेग

बारवाल्याला गल्लीत सगळे मिठ्या म्हणत, कारण आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो दारातच मिठी मारायचा. लोकांना वाटे, काय प्रेमळ माणूस! प्रेम कसलं डोंबलाचं! मिठी मारताना त्याचा हात कमरेवरून फिरत असे. कोटाखाली पिस्तूल लागलं, की त्या माणसाच्या ग्लासात थंड कोरा चहा आणि सोडा. काठाला तेवढी बोटाने व्हिस्की चोळायची, वासापुरती. पक्के पिणारे पहिल्याच घोटाला ओळखत आणि मुकाट घरी जाऊन वस्तू ठेवून येत.

दाजी, म्हणजे मिठ्याच्या ताईचा नवरा, पक्के नव्हते. त्यांचं घड्याळांचं दुकान फुटलं, तेव्हा त्यांनी परवान्याचं पिस्तूल घेतलं आणि त्याच सुमारास आयुष्यात पहिल्यांदा प्यायला लागले, तेही मेहुण्याकडेच. खरं सांगायचं तर दारू अशी त्यांच्या पोटात गेलीच नव्हती. पण चढायची मात्र झकास! दुसऱ्या ग्लासाला गाणं, तिसऱ्याला रडणं.

त्या संध्याकाळी तिसऱ्या ग्लासाला ते रडले नाहीत. हात पुढे करून म्हणाले, "बघ, तीन पेग झाले! थरथरतोय का जरा तरी?"

चहाने कुणाचा हात थरथरलाय!

"उद्या मित्राकडे पार्टी आहे. म्हणतात, पिस्तूल घरी ठेवून ये. कशाला? मला काय होतंय?"

मिठ्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. हा फाजील विश्वास त्यानेच तर ग्लास भरभरून पाजला होता. आणि दाजी म्हणजे नाकावर राग. मागे साध्या थट्टेवरून त्यांनी वर्षभर त्याच्याकडे पाऊल टाकलं नव्हतं, ताईलाही टाकू दिलं नव्हतं. पण उद्याचा ग्लास खरा असणार होता.

त्याने गल्ल्यामागची किटली आणून टेबलावर ठेवली. "दाजी, हवं तर जोडा हाणा. तुम्ही इथे आजवर हेच प्यायलात. कमरेला पिस्तूल असलं की मी कुणालाच दारू देत नाही."

दाजींनी किटलीतला घोट घेतला आणि लालबुंद झाले. "मग मला चढायची ती?"

"ती तुमची घरची, मनाने चढवलेली."

"आणि हे मला आज सांगतोस?"

"धीर होत नव्हता. तुम्ही पहिल्यांदा प्यायला आलात, त्याच्या आधी ताईचा फोन आला होता. म्हणाली, त्यांना नीट मिठी मार रे, मला बोलायची भीती वाटते."

दाजींनी किटली खाली ठेवली. "माझी भीती? तिला?"

मिठ्याने मान खाली घातली.

दाजींचा हात कोटाखाली गेला, तसा मिठ्या एक पाऊल मागे सरला. त्यांनी पिस्तूल काढलं, गोळ्या काढल्या आणि सगळं किटलीशेजारी ठेवलं. "तुझ्या तिजोरीत टाक. उद्या येऊन पुढचं बघू."

"आता खरी देऊ?"

"नको, घरी जातो." दारापाशी ते थांबले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. "मार मिठी, नीट. आणि तिला फोन करून सांग, कमरेला काही लागलं नाही म्हणून."