मापाची खोली

आमच्या दुकानात केस विकत मिळतात असं कुणी म्हटलं की दादाला राग येतो. "केस डोक्यावर फुकट उगवतात," तो म्हणतो, "इथे टोप मिळतात." दुकान दादाचं, हात वहिनीचे आणि तोंड माझं, अशी आमची वाटणी आहे. वहिनी बारीक जाळीवर आकड्याने एकेक केस ओवून गाठ मारते. औषधांनी ज्यांचे केस गेले अशा बायका आमच्याकडे येतात. मी दाराशी बसते, त्यांना चहा देते आणि फार रडू देत नाही.

त्या दिवशी जी बाई दार ढकलून आली, तिला मात्र मी चहा देणार नव्हते.

लोकरी टोपी कानांपर्यंत ओढलेली, भुवया पेन्सिलने काढलेल्या आणि त्याही एक वर, एक खाली. "क्षमा करा, मी आत प्रवेश करू शकते का?" तिने विचारलं. असं आपल्याकडे कुणी बोलत नाही. असं फक्त साता समुद्रापलीकडून येऊन पुस्तकातून भाषा शिकलेलं माणूस बोलतं, आणि आमच्या गावात असं माणूस एकच होतं. परदेशी भाषेचा वर्ग चालवणाऱ्या बाई. आमच्या मिरचीच्या बाई.

मिरची ही दादा-वहिनीची एकुलती एक लेक, माझी भाची. नाव उगाच पडलेलं नाही. आम्ही मुसलमान, पण डोकं झाकावं की नाही यावरून आमच्या घरात कधी भांडण झालं नाही. भांडायला दुसरे विषय पुष्कळ आहेत. वहिनी झाकते, मी झाकत नाही. गेल्या वर्षी मिरचीने आपणहून हिजाब बांधायला सुरुवात केली तेव्हा उलट दादाच कुरकुरला, "कशाला एवढ्यात?" तर ही म्हणते, "अब्बा, डोकं माझं आहे की तुमचं?" दादाने हात जोडले आणि विषय मिटला.

मिरचीला दुभाषी व्हायचं होतं. मोठ्या इस्पितळात बाहेरदेशचे डॉक्टर येतात, रुग्ण येतात, त्यांच्यामध्ये बसून इकडचं तिकडे सांगायचं. त्याची परीक्षा जवळ आली होती, आणि ती भाषा शिकवणारा वर्ग गावात हा एकच. मिरची बाईंची लाडकी होती. पहिल्या बाकावर बसायची, घरी येऊन आरशासमोर बाईंसारखे ओठ वाकडे करून उच्चार घोटायची.

मग एके दिवशी भर वर्गात बाई तिच्याजवळ आल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "इथे तुझे वडील नाहीत, भाऊ नाही. इथे तू मुक्त आहेस." असं म्हणत त्यांनी तिच्या हिजाबाचं टोक धरून ओढलं. पिन निसटली, केस खांद्यावर आले आणि वर्गातली सगळी मुलं-मुली वळून बघायला लागली. मिरची रडायला लागली, पुस्तकं तिथेच टाकून घरी आली, आणि त्यानंतर वर्गाचं नाव काढीना. आतल्या खोलीत आईशेजारी बसून गाठी मारायला लागली. "मला नाही शिकायचं, आत्या. टोप करीन." जिला एका जागी बसवत नाही ती पोर मान खाली घालून दिवसभर बसायची, ते मला बघवत नव्हतं. दादा बाईंना जाब विचारायला निघाला होता, तर तिने स्वतःची शपथ घालून त्याला अडवलं. परीक्षा काही कुणासाठी थांबणार नव्हती.

आणि आता या बाई माझ्यासमोर उभ्या. मी त्यांना बसा न म्हणता तडक आत गेले आणि वहिनीला हळूच सांगितलं, "ती आलीय. हाकलून देते."

वहिनीने हातातली गाठ पूर्ण केली. पलीकडे मिरची ताठ झाली होती. वहिनीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डोक्यावर केस आहेत का तिच्या?" तिने विचारलं.

"नसावेत."

"मग मापाच्या खोलीत घेऊन या."

मापाच्या खोलीला आतून कडी नाही. एकदा एक अशक्त बाई आत चक्कर येऊन पडली आणि दार फोडावं लागलं, तेव्हापासून दादाने कडीच काढून टाकली. त्याऐवजी दाराबाहेर खुंटी आहे. खुंटीवर टॉवेल असला की पुरुषाने आत पाऊल टाकायचं नाही, मग तो दादा का असेना. आतल्या बाजूला नुसता पडदा आहे, त्याच्यामागे कामाची खोली. मिरची तिथे बसली होती.

"इथे कुणी पुरुष येणार नाही ना?" बाईंनी आत शिरताच विचारलं. "कृपया. मला कुणी पाहू नये."

"नाही येणार," वहिनी म्हणाली आणि तिने टॉवेल बाहेर अडकवला.

मग तिने नेहमीप्रमाणे आधी स्वतःचा हिजाब सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला. ही तिची रीत आहे. समोरचीला एकटीला डोकं उघडं करायला लावायचं नाही. बाई बघतच राहिल्या. वहिनीची अर्धी पिकलेली, पण अजून मनगटाएवढी जाड वेणी आहे. मग बाईंनी सावकाश टोपी काढली. डोकं अगदी गुळगुळीत, कानामागे शिरा दिसत होत्या. सांगू नये, पण माझा अर्धा राग तिथेच गळून पडला. अर्धा मी मुद्दाम धरून ठेवला.

वहिनीने ओल्या फडक्याने डोकं पुसलं, त्याला पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं, वरून चिकटपट्टी लावली आणि पेन्सिलने कपाळाची रेघ आखायला लागली. असा साचा घेतला की टोप नेमका बसतो.

"तुमचे केस सुंदर आहेत," आरशातून बाई म्हणाल्या. "ते का लपवता?"

"लपवते कुठे? ज्यांनी बघायचे ते बघतात. मान सरळ ठेवा."

"माझी एक विद्यार्थिनी होती," बाई म्हणाल्या. "फार हुशार. तीही डोकं बांधायची. एकदा मी तिचं वस्त्र दूर केलं. फक्त क्षणभर. ती आनंदाने रडली. मी ते विसरू शकत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. घरच्यांनी तिला कोंडून ठेवलं असणार. तिचे वडील..." त्यांनी डोळे मिटले. "मी रोज तिचा विचार करते."

माझ्या जिभेवर जे जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण वहिनीने खुर्चीमागे माझ्या पायावर पाय दाबला, तो चांगला दाबला. पेन्सिल मात्र थांबली होती. पडद्यामागे आकड्याचा आवाजही थांबला होता. आनंदाने रडली! आमची पोर घरात सुकत चालली होती आणि या बाई तिच्या आनंदाच्या आठवणीवर जगत होत्या. त्यात लबाडी नव्हती, हे आवाजावरून कळत होतं, आणि म्हणूनच मला काय करावं ते कळेना.

"टोप कधी मिळेल?" बाईंनी विचारलं.

"हाताचं काम आहे. दीड महिना तरी."

"पण परीक्षा त्याआधी आहे! मी वर्ग बंद ठेवला आहे. अशी मी मुलांसमोर उभी राहू शकत नाही. आणि ती बिचारी मुलं..." बोलता बोलता त्यांना हुडहुडी भरली. डोकं ओलं, अंगात ताकद नाही. दात वाजायला लागले.

वहिनीने इकडेतिकडे पाहिलं. हाताशी ऊब देणारं जाड काहीच नव्हतं. तिने दार किलकिलं केलं, बाहेरचा टॉवेल ओढून घेतला आणि बाईंच्या खांद्यांवर पांघरला. बाई थरथरत होत्या आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत होतो. खुंटी रिकामी झाली हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

आणि दादा आत आला. दोन्ही हातांत केसांच्या जुड्या, तोंडाने काहीतरी गुणगुणत.

बाई किंचाळल्या. दोन्ही हातांनी डोकं झाकायला गेल्या, पण तळहातांनी कितीसं झाकणार? त्या खुर्चीतच दुमडल्या. दादाने जुड्या टाकल्या, गर्रकन वळला, वळताना फळीवरची, टोप ठेवायची लाकडी डोकी धडाधड पाडली आणि भिंतीला नाक लावून उभा राहिला. "माफ करा, बाई! माफ करा! टॉवेल नव्हता हो! मी काही पाहिलं नाही!" शिक्षा झालेल्या पोरासारखा तो तिथे उभा, आणि पायाशी एक लाकडी डोकं गोल गोल फिरत होतं.

तेवढ्यात पडदा सरकला. मिरची धावत आली, डोक्यावरचा निळा हिजाब पिनांसकट ओढून काढला आणि बाईंच्या डोक्यावर टाकला. मानेभोवती गुंडाळला, हनुवटीखाली दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. "झाकलं, बाई. झाकलं. कुणाला काही दिसत नाही."

त्या खोलीत तेव्हा आमच्या घरच्या सगळ्या बायकांची डोकी उघडी होती. झाकलेल्या होत्या फक्त बाई.

बाईंनी हळूहळू मान वर केली. आधी मिरची दिसली. मग तिचे मोकळे केस. मग भिंतीकडे तोंड करून उभा असलेला तो धिप्पाड माणूस.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"माझे अब्बा."

"मी जाऊ का आता?" भिंतीकडूनच दादाने विचारलं. त्याला जायला सांगितलं, तर तो डोळे मिटून चाचपडत निघाला आणि चौकटीवर आपटला. मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं.

बाई रडत होत्या. आवाज न करता, हुंदके गिळत. मिरचीने हिजाब धरलेले हात काढले नव्हते, त्यामुळे दोघींचे चेहरे अगदी जवळ होते.

"तू आनंदाने रडली नव्हतीस," बाई म्हणाल्या.

"नाही."

"मी... मला वाटलं होतं..."

"सगळे बघत होते, बाई. मला तिथेच मरून जावंसं वाटलं."

वहिनीने तोंडावर हात ठेवला. इतक्या दिवसांत पोर हे आम्हा कुणाशी बोलली नव्हती. मला तिला कुशीत घ्यायचं होतं, पण ती जागा आत्ता माझी नव्हती.

"मला क्षमा कर," बाई म्हणाल्या.

मिरचीच्या नाकपुड्या फुगल्या. म्हटलं, आली आमची मिरची परत. "तुम्ही ते सगळ्यांसमोर केलंत," ती म्हणाली. "इथे चार बायकांत माफी मागून काय होणार?"

"मिरची!" वहिनी दटावणीने म्हणाली.

"नाही, तिचं योग्य आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी आरशात पाहिलं. निळं कापड, त्याखालून डोकावणारी प्लॅस्टिकची कड, एक भुवई पुसलेली. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मुलांसमोर अशी उभी राहू शकत नाही, असं म्हणालेल्या बाई त्या. "दीड महिना थांबले तर परीक्षा जाईल. सोमवारी वर्ग भरवते. सगळ्यांसमोर सांगते." मग अगदी लहान आवाजात, "पण उघड्या डोक्याने नाही. हे मला बांधून देशील? सुटणार नाही असं?"

मिरची आत गेली, पिना घेऊन आली, दोन दातांत धरल्या आणि कामाला लागली. प्लॅस्टिक वहिनीने अलगद काढून घेतलं. मिरचीने कपाळावर कापड सारखं केलं, कानामागून घेतलं, एक टोक खांद्यावर सोडलं. "हलू नका, टोचेल," ती पिनांमधून म्हणाली. बाई श्वास रोखून बसल्या. आपली उघडी मान, उघडे कान त्यांनी त्या पोरीच्या हातात दिले होते.

शेवटची पिन लागली. बाईंनी दोन बोटांनी कापडाचं टोक चाचपून पाहिलं, मग मुठीत धरलं.

"सोमवारी कुणी ओढलं तर?" त्यांनी विचारलं. खरंच घाबरून विचारलं.

मिरचीने त्यांची मूठ सोडवली, टोक नीट आत खोचलं आणि म्हणाली, "कोण ओढेल, बाई? मी पहिल्या बाकावर असेन ना."